मिशिगनच्या निकालातलं बेळगावचं दुसरं नाव

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन
३ डिसेंबर २०२२

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या भावानं शहापूरहून आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. श्री ठाणेदार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्याची बातमी, त्यांचा फोटो आणि बेळगावच्या माणसानं अमेरिकेत झेंडा लावल्याचा मथळा. खाली भावानं लिहिलं होतं, "ताई, तुमच्याकडचा निकाल लागला बघ."

बातमी मी दोनदा वाचली. आनंद झाला, खूप झाला. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात हलाखीत वाढलेला एक मुलगा १९७९ साली अमेरिकेत येतो, ॲक्रनच्या विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवतो, व्यवसाय उभा करतो, मंदीत तो सगळा हातचा जातो, आणि मग ॲन आर्बरला येऊन पहिल्यापासून सुरुवात करतो. वयाच्या ६७ व्या वर्षी तो डेट्रॉईटचा खासदार होतो. मीही शहापूरची. बेळगाव सोडून मला ३३ वर्षं झाली. आपल्या गावचं नाव इथल्या टीव्हीवर ऐकताना छाती भरून येते, ती माझीही आली.

पण आपली बातमी तिथेच थांबली, म्हणून हे पत्र. मिशिगनमध्ये ८ नोव्हेंबरला सुमारे ४५ लाख लोकांनी मतदान केलं. अशा मध्यावधी निवडणुकीत या राज्यात इतकं मतदान पूर्वी कधी झालं नव्हतं. एवढी माणसं थंडीत उभी राहिली ती एका मतदारसंघासाठी नव्हती. आणि आपल्या वाचकांना जवळचं वाटेल असं बेळगावचं आणखी एक नाव त्या दिवशीच्या मतपत्रिकेमागे होतं. ते छापलेलं नव्हतं, पण माझ्या डोळ्यांसमोरून दिवसभर हललं नाही.

आधी एक खुलासा, कारण भावाचाही घोटाळा झाला होता. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हटली की सरकार पडलं असं समजतात. इथे तसं नसतं. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या बरोबर मधे, नोव्हेंबरातल्या ठरलेल्या मंगळवारी, ही निवडणूक होतेच. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा तेव्हा भरतात. मिशिगनसारख्या राज्यात गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहंसुद्धा त्याच दिवशी निवडली जातात. म्हणजे लोकसभा, विधानसभा, मुख्यमंत्री, महाधिवक्ता, सगळं एकाच कागदावर.

तो कागद मी जवळून पाहिलाय. २०१६ पासून मी आमच्या शहराच्या क्लार्ककडे, म्हणजे इथल्या निवडणुका घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, निवडणूक कर्मचारी म्हणून नाव देते. अर्जावर स्वतःचा पक्ष लिहावा लागतो, कारण प्रत्येक केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं असलीच पाहिजेत असा नियम आहे. मी डेमोक्रॅट म्हणून लिहिलंय. माझ्या शेजारच्या खुर्चीवर गेल्या चार निवडणुका एक निवृत्त शिक्षिका बसतात, त्या रिपब्लिकन. सकाळी सहाला पोचायचं, शपथ घ्यायची, मतमोजणी यंत्रातून शून्य आकड्यांची पट्टी काढून सगळ्यांनी तिच्यावर सह्या करायच्या, सातला दार उघडायचं. रात्री आठला जो रांगेत असेल त्याचं मत घेतल्याशिवाय दार लावायचं नाही.

मतपत्रिका कागदाचीच. नावासमोरचा लंबगोल पेननं काळा करायचा, कागद पुठ्ठ्याच्या पाकिटात झाकून यंत्रापर्यंत न्यायचा, वरचा क्रमांकाचा तुकडा फाडून घेतला की कागद यंत्रात जातो. निकाल यंत्र देतं, पण कागद शिल्लक राहतो आणि हवा तेव्हा हातानं मोजता येतो. यंत्रावरून आपल्याकडे जो वाद होतो तो करणाऱ्यांनी हे एकदा बघून जावं असं मला फार वाटतं.

आणि कागद केवढा लांब! वर गव्हर्नर. मग सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल, काँग्रेस, राज्याचं सिनेट, राज्याचं प्रतिनिधिगृह. मग राज्य शिक्षण मंडळ. मग तीन मोठ्या विद्यापीठांची नियामक मंडळं, हो, विद्यापीठाचे विश्वस्तसुद्धा इथे सबंध राज्य निवडतं. मग काउंटीचे प्रतिनिधी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती, खालच्या न्यायालयांचे न्यायाधीश, शाळा मंडळ. पहिल्याच ओळीत एका पक्षाला सरसकट मत द्यायची सोय असते. पुष्कळ लोक तो एक गोल काळा करतात आणि निघतात. पण न्यायाधीशांना त्या सरसकट मतातलं काही जात नाही, आणि मागच्या बाजूच्या प्रश्नांनाही नाही. म्हणून कागद हातात देताना आम्ही प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो: "उलटून बघा, मागेही आहे." त्या दिवशी मी ते शेकडो वेळा म्हणाले असेन. घरी आल्यावर घसा बसला होता.

पुढच्या बाजूचा निकाल थोडक्यात सांगते, तो आपल्याकडे कुठे तरी आला असेलच. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर ट्यूडर डिक्सन यांना दहा टक्क्यांहून जास्त फरकानं हरवून पुन्हा आल्या. दोघीही बाया. ॲटर्नी जनरल डेना नेसल पुन्हा आल्या. काँग्रेसच्या १३ जागांपैकी ७ डेमोक्रॅट आणि ६ रिपब्लिकन. ग्रँड रॅपिड्स शहराची काँग्रेसमधली जागा चार दशकांनंतर डेमोक्रॅट पक्षाकडे गेली. तिथले रिपब्लिकन खासदार पीटर मायर यांनी ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला पाठिंबा दिला होता, त्यांना ऑगस्टमध्ये त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी तिकीट नाकारलं, आणि नोव्हेंबरमध्ये हिलरी शोल्टन जिंकल्या. दहाव्या मतदारसंघात उलट झालं. रिपब्लिकन जॉन जेम्स दीड-दोन हजार मतांनी निसटते निवडून आले.

राज्याच्या विधिमंडळाचा निकाल मात्र मला थांबून सांगायचाय. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट ५६, रिपब्लिकन ५४. सिनेटमध्ये २० आणि १८. गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं एकाच वेळी डेमोक्रॅट पक्षाकडे येण्याला जवळजवळ ४० वर्षं लागली. २०१८ मध्ये दोन्ही सभागृहांसाठी राज्यभर मिळून जास्त मतं याच पक्षाला पडली होती, तरी बहुमत रिपब्लिकनांचं राहिलं, ५८-५२ आणि २२-१६. मतं तीच, माणसं तीच, मग चार वर्षांत काय बदललं? बरंचसं उत्तर नकाशात आहे.

पूर्वी मतदारसंघ विधिमंडळ आखत असे, म्हणजे ज्याचं बहुमत त्याच्या हातात पेन्सिल. आमचं फार्मिंग्टन हिल्स दहा वर्षं काँग्रेसच्या १४ व्या मतदारसंघात होतं. डेट्रॉईटच्या पूर्वेकडून, नदीकाठच्या ग्रोस पॉइंटपासून तो निघायचा, शहराच्या उत्तर हद्दीच्या कडेनं पश्चिमेला सरकायचा, साउथफील्ड घ्यायचा, आम्हाला घ्यायचा, वेस्ट ब्लूमफील्ड घ्यायचा आणि उत्तरेला पॉन्टिॲकला जाऊन थांबायचा. मोडलेलं कडबोळं ताटात पडावं तसा दिसायचा तो नकाशावर. कृष्णवर्णीय आणि डेमोक्रॅट मतदार जिथे दाट, तिथून ओढून एकात कोंबले की शेजारचे मतदारसंघ दुसऱ्या पक्षाला सोपे होतात.

हे कोणी थांबवलं? २०१६ च्या निवडणुकीनंतर केटी फेही नावाच्या विशीतल्या मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मला हे थांबवायचंय, कोणी बरोबर येतंय का? हजारो माणसं आली. पगारी माणूस एकही न ठेवता त्यांनी चार लाखांहून जास्त सह्या जमवल्या. आमच्या ग्रंथालयाच्या दारात एक आजोबा पाठीला पाटी अडकवून उभे असायचे, मीही तिथेच सही केली. २०१८ मध्ये तो प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि ६१ टक्क्यांनी मंजूर होऊन राज्यघटनेत गेला. आता १३ साध्या नागरिकांचा आयोग मतदारसंघ आखतो: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. पुढारी, उमेदवार, पक्षाचे पदाधिकारी यांना मज्जाव. नऊ हजारांहून जास्त अर्ज आले होते, त्यातून सोडत निघाली. त्या आयोगाच्या नकाशावर झालेली ही पहिली निवडणूक.

माझी मावसबहीण पुण्यात असते. तिथल्या महापालिकेची मुदत मार्चमध्ये संपली, निवडणूक अजून नाही. प्रभाग तिघांचे की चौघांचे, आणि ते आखायचे कोणी, यावरच वर्ष गेलं. मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं कायदा करून प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतला. सरकार बदललं, आणि ऑगस्टमध्ये मुंबईचे २३६ प्रभाग पुन्हा २२७ झाले. बहिणीला मी इथल्या १३ जणांची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "सोडत? आमच्याकडे घरांची निघते." ती हे थट्टेनं म्हणाली नाही.

आता ठाणेदारांची जागा. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची काँग्रेसमधली एक जागा कमी झाली, १४ च्या १३ झाल्या. आयोगानं सगळंच नव्यानं आखलं. आमच्या जुन्या खासदार ब्रेंडा लॉरेन्स यांनी निवृत्ती जाहीर केली. डेट्रॉईटचा मोठा भाग असलेल्या नव्या १३ व्या मतदारसंघात डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारीसाठी नऊ जण उभे राहिले, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. शहरातल्या पुढाऱ्यांनी एकाच्या मागे सगळ्यांना उभं करायचा प्रयत्न केला, जमला नाही. ठाणेदारांनी स्वतःचा मोठा पैसा प्रचारात घातला, आणि २ ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत २८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ते पहिले आले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचाच, तेव्हा नोव्हेंबरातली ७१ टक्के मतं हा उपचार होता. खरी निवडणूक ऑगस्टमध्येच झाली.

आपल्या बातमीत जे नाही ते असं: १९५५ पासून डेट्रॉईटचा निदान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये होता. चार्ल्स डिग्ज यांच्यापासून ही परंपरा, पुढे जॉन कॉनयर्स तर अर्धशतकाहून जास्त काळ होते. येत्या जानेवारीत ती तुटेल. ज्या शहरात दर दहा माणसांतली सात-आठ कृष्णवर्णीय आहेत, त्या शहराला आपल्यातलं कोणी वॉशिंग्टनमध्ये दिसणार नाही. ज्या आयोगाचं मी इतकं कौतुक केलं, त्याच आयोगानं डेट्रॉईटच्या वस्त्या उपनगरांना जोडून पातळ केल्या अशी शहरातल्या लोकांची तक्रार आहे, आणि काही रहिवाशांनी फेडरल न्यायालयात दावा लावलाय. मला ती तक्रार खोटी वाटत नाही.

मी एका प्रयोगशाळेत १७ वर्षं नोकरी केली. तिथली माझी मैत्रीण डेट्रॉईटच्या वेस्ट साइडची, तिच्या आजोबांनी डिग्ज यांचा प्रचार केला होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून माझं अभिनंदन केलं. मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या गावाला माणूस मिळाला. माझ्या गावाचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. ठाणेदारांनी तिच्या गावासाठी काम केलं तर ते उत्तर त्यांनी द्यावं. गावची माणसं म्हणून आपण त्यांच्याकडून हीच अपेक्षा धरू या. मथळ्यात अमेरिकेत झेंडा लावला म्हणताना ही बाई माझ्या डोळ्यांसमोर येते, आणि तो शब्द टोचतो.

सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या निवडणुकीबद्दलही लिहायला हवं. या पदाचं नाव ऐकून आपल्याला परराष्ट्रमंत्री वाटतो. राज्यात त्याचा अर्थ निराळा. वाहन परवाना देणारं खातं यांच्याकडे, आणि राज्यातल्या निवडणुकाही यांच्याकडे. आपल्यासारखा स्वतंत्र निवडणूक आयोग इथे नाही, आणि हे पद पक्षाच्या नावावर लढवलं जातं. २०२० मध्ये डेट्रॉईटच्या मोजणी केंद्रात काय गोंधळ झाला तो आम्ही पाहिलाय. काचेवर बाहेरून मुठी आपटत होत्या आणि आत माझ्यासारख्याच बायका-माणसं कागद लावत होती. त्यानंतर पदावरच्या जोसलिन बेन्सन यांच्या घरासमोर रात्री हत्यारं घेऊन माणसं जमली होती. यंदा त्यांच्याविरुद्ध क्रिस्टिना करामो उभ्या होत्या. २०२० चा निकालच खोटा, असं म्हणत त्या पुढे आल्या. मतदानाच्या तोंडावर डेट्रॉईटची टपाली मतं रद्द करा म्हणून त्यांनी न्यायालयात धाव घेतली, ते न्यायालयानं फेटाळलं. बेन्सन सहा लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या. गव्हर्नरपेक्षाही मोठा फरक. मतं मोजणाऱ्या माणसावर लोकांनी मत दिलं, आणि माझ्यासारखीला त्या रात्री शांत झोप लागली. २८ नोव्हेंबरला निकाल प्रमाणित करणाऱ्या राज्याच्या मंडळानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एकमतानं.

आता मागची बाजू.

इथे राज्यघटना बदलायची तर ठराविक सह्या जमवून लोक स्वतः प्रश्न मांडू शकतात. आमदारांची परवानगी लागत नाही. यंदा तीन प्रश्न होते. पहिला आमदारांच्या एकूण मुदतीचा आणि मालमत्ता जाहीर करण्याचा, तो सहज मंजूर झाला. दुसरा मतदानाच्या हक्काचा: आता मतदानाच्या दिवसाआधी नऊ दिवस केंद्रं उघडी राहतील, टपाली मताचा खर्च सरकार करेल, आणि निकाल प्रमाणित करणाऱ्या मंडळानं आकडे बघून सही करायची, मनात आलं म्हणून अडवायचं नाही. तो ६० टक्क्यांनी मंजूर झाला. म्हणजे पुढच्या वेळी माझी ड्यूटी एका दिवसाची राहणार नाही.

तिसरा प्रश्न गर्भपाताचा.

२४ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि प्रश्न राज्यांवर सोडला. मिशिगनच्या कायद्यात १९३१ चं एक कलम तसंच पडून होतं. गर्भपात करणारा गुन्हेगार. अपवाद एकच, आईचा जीव वाचवण्यासाठी. राज्याच्या न्यायालयानं स्थगिती दिली होती म्हणून ते कलम जागं झालं नाही. त्याच उन्हाळ्यात साडेसात लाखांहून जास्त सह्या जमल्या, मूल हवं की नको, गर्भारपणात काय उपचार घ्यायचे, हे बाईनं ठरवायचं असं घटनेत लिहा म्हणून. ३१ ऑगस्टला राज्याच्या त्याच मंडळात दोन विरुद्ध दोन झालं आणि प्रश्न अडकला. आक्षेप काय, तर छापील मसुद्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागा नीट पडल्या नाहीत! साडेसात लाख माणसांच्या सह्या आणि अडचण दोन शब्दांतल्या फटीची. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं आठवड्याभरात आदेश दिला तेव्हा प्रश्न मतपत्रिकेवर आला.

मतदान केंद्राच्या १०० फुटांच्या आत प्रचाराचा एक शब्द बोलायला बंदी आहे. आम्हा कर्मचाऱ्यांना तर बिल्लासुद्धा लावता येत नाही. मी फक्त म्हणत होते, "उलटून बघा, मागेही आहे." प्रत्येक वेळी म्हणताना माझ्या मनात एकच नाव होतं, सविता हलप्पनवार.

आपल्या वाचकांना मी तिची ओळख करून द्यायची गरज नसावी, पण दहा वर्षं झाली, नवी पिढी आली. सविता बेळगावची लेक. दंतवैद्य होती. नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये गॉलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांची गरोदर असताना तिचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. मोकळं करा म्हणून तिनं आणि नवऱ्यानं पुन्हा पुन्हा विनवलं. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर इथल्या कायद्यानं काही करता येत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ठोके थांबेपर्यंत विष तिच्या रक्तात भिनलं होतं. २८ ऑक्टोबरला ती गेली. ३१ वर्षांची होती. ज्या देशातून ती गेली होती, त्या देशात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. बेळगावात असती तर हा उपचार कायद्यानं अडला नसता.

मला आठवतं, त्या नोव्हेंबरात भावानं आपल्याच दैनिकाचं कात्रण पाकिटात घालून पाठवलं होतं. तेव्हा व्हॉट्सॲप आमच्या घरी नव्हतं. ते कात्रण मी पोथीत ठेवलंय. २०१८ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या लोकांनी ६६ टक्के मतांनी घटनेतली गर्भपात अडवणारी दुरुस्ती काढून टाकली. डब्लिनमध्ये एका भिंतीवर सविताचं मोठं चित्र होतं, लोक येऊन त्याच्याभोवती चिठ्ठ्या चिकटवत होते, आम्हाला उशीर झाला, माफ कर, अशा अर्थाच्या. बेळगावच्या मुलीसाठी एक परका देश रडला.

यंदा २८ ऑक्टोबरला तिला जाऊन दहा वर्षं झाली आणि अकराव्या दिवशी मी मतदान केंद्रावर कागद वाटत होते.

माझी मुलगी यंदा ३१ ची झाली. २०१९ मध्ये, सोळावा आठवडा चालू असताना, रात्री तिची पिशवी फुटली. जावई गाडी घेऊन निघाला, आम्ही मागून पोचलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, दोघांना बसवून सांगितलं, मूल राहणार नाही, थांबण्यात तुला धोका आहे, काय करायचं ते तू सांग. मुलीनं सांगितलं. पहाटेपर्यंत सगळं झालं होतं. मी बाहेर बाकड्यावर रामरक्षा म्हणत होते. त्या रात्री कोणी कायद्याचं पुस्तक उघडलं नाही, वकिलाला फोन केला नाही, म्हणून मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही. आमचं दुःख मूल गेल्याचं होतं, तेवढंच. २४ जूनला निकाल आला तेव्हा मुलीचा फोन आला. ती बोललीच नाही बराच वेळ. मग म्हणाली, "आई, ती रात्र यंदा आली असती तर?" पोथीतलं कात्रण मी त्या दिवशी पुन्हा काढलं.

माझ्या शेजारी बसणाऱ्या शिक्षिकांचं मत उलटं होतं. त्यांच्या श्रद्धेनं त्यांना तसं सांगितलं होतं आणि ते मला आधीपासून माहीत होतं. दुपारी त्यांनी माझ्या डब्यातली थालीपिठं खाल्ली, मी त्यांची सफरचंदं. त्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. रात्री दार लागल्यावर यंत्रातून निकालाची पट्टी निघाली, दोन हात लांब. पुढची बाजू संपली, मागची आली. तिसऱ्या प्रश्नाचे आकडे मी मोठ्यानं वाचले, त्यांनी टिपून घेतले, मग आम्ही दोघींनी सह्या केल्या. पेटीला क्रमांकाचं सील लावलं, ते दोघींनी तपासलं, आणि पेटी क्लार्ककडे पोचवायला दोन्ही पक्षांची माणसं लागतात म्हणून एकाच गाडीतून गेलो. उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझी लेक बरी आहे ना?" त्यांना ते मीच कधी तरी सांगितलं होतं, मी विसरले होते, त्या नव्हत्या विसरल्या.

राज्यभर तिसऱ्या प्रश्नाला सुमारे ५७ टक्के लोकांनी होकार दिला, जवळजवळ २५ लाख मतं. गव्हर्नर व्हिटमर यांना पडली त्याहून जास्त. म्हणजे पुढच्या बाजूला दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्यांतल्याही काहींनी कागद उलटल्यावर होकार दिला असणार. ॲन आर्बरला विद्यापीठाच्या कला संग्रहालयात त्याच दिवशी नाव नोंदवून मत देता येत होतं, तिथे विशीतली मुलं-मुली घोंगड्या पांघरून रांगेत होती. शेवटच्या मुलाचं काम आटोपलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. संपादक महोदय, मिशिगनचा निकाल तिथे लागला.

नाताळच्या सुमारास ही दुरुस्ती अंमलात येईल. ३ जानेवारीला नवी काँग्रेस बसते, तेव्हा ठाणेदारांच्या शपथेची बातमी आपण छापालच. जरूर छापा, मोठी छापा. माझी विनंती एवढीच की त्याच पानावर तिसऱ्या प्रश्नाच्या निकालाला दोन कॉलम द्यावेत, आणि त्यात सविताचं नाव असावं. आपल्याकडे तिच्या बातम्या २०१२ च्या अंकांत असतील. नसल्या तर माझ्याकडचं कात्रण मी स्कॅन करून पाठवते. कडा पिवळ्या पडल्यात, पण अक्षर स्पष्ट आहे.

भाऊ पानाचा फोटो पाठवील तो मी मुलीला पुढे पाठवीन. तिला मराठी वाचता येतं. हळू वाचते, बोट ठेवून, पण वाचते.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
(मूळ शहापूर, बेळगाव)